तक्रारदार कीं धनी ?

गेल्या कांहीं वर्षांत पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरांतून एक वाक्य आम्हीं इतक्या वेळां ऐकलें कीं, त्याचा समाचार घेतल्यावांचून आतां राहवत नाहीं. तें वाक्य असें : "नगरसेवक नाहींत, तेंच बरें झालें !" मार्च २०२२ मध्यें पुणें व मुंबई येथील महानगरपालिकांच्या मुदती संपल्या, नव्या निवडणुका १५ जानेवारी २०२६ रोजीं झाल्या. मधलीं जवळजवळ चार वर्षें या दोन्ही महापालिकांत लोकांनीं निवडून दिलेला एकहि सभासद नव्हता. सरकारनें नेमलेला आयुक्त हाच प्रशासक झाला. खर्चाचा प्रस्ताव मांडणारा तोच, स्थायी समिति म्हणून त्यास मंजुरी देणारा तोच, आणि सर्वसाधारण सभा म्हणून त्यावर शिक्कामोर्तब करणाराहि तोच ! फिर्यादी, वकील आणि न्यायाधीश एकाच खुर्चीवर बसलेले पाहून जी चीड यावयास हवी होती, ती आमच्या वर्गास आली नाहीं. दिवाणखान्यांत चहाचे पेले हातीं घेऊन आम्हीं एकमेकांस सांगितलें कीं, बरें झालें.

या "बरें झालें"चें खंडन करणें एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रतिपक्षाची बाजू प्रथम प्रामाणिकपणें मांडली पाहिजे. नगरसेवकांविषयीं लोकांच्या मनांत जो तिटकारा आहे तो आकाशांतून पडलेला नाहीं. चांगले पदपथ उखडून त्याच जागीं पुन्हां फरशा बसविणें, चौकाचौकांत स्वतःच्या वाढदिवसाचे फलक लावणें, आणि ठेकेदाराशीं असलेलें नातें जनसेवेपेक्षां अधिक निष्ठेनें सांभाळणें, या गोष्टी आमच्या वाचकांनीं डोळ्यांनीं पाहिलेल्या आहेत, व त्या खोट्या आहेत असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. परंतु यावरून जो निष्कर्ष काढला जातो तो मात्र तर्कशास्त्रास धरून नाहीं. दुकानाचा मुनीम अफरातफर करूं लागला, तर शहाणा दुकानदार त्याच्या चोपड्या तपासतो, त्यास काढून टाकतो व दुसरा मुनीम नेमतो. तिजोरीच्या किल्ल्या शेजारच्या सावकाराकडे नेऊन देऊन "आतां सुटलों" म्हणणारा दुकानदार आम्हीं अद्याप पाहिलेला नाहीं. शहराच्या बाबतींत मात्र आम्हीं नेमकें हेंच केलें, आणि त्यास स्वच्छ कारभार असें नांव दिलें.

हें जें घडलें तें कायद्याच्या अक्षराच्या विरुद्ध घडलें, हेंहि विसरतां कामा नये. राज्यघटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीनें नगरपालिकेची मुदत पांच वर्षांची ठरविली आहे, आणि ती संपण्यापूर्वींच नवी निवडणूक पार पडली पाहिजे असें स्वच्छ शब्दांत सांगितलें आहे. इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागांचा वाद न्यायालयांत होता, प्रभागांच्या सीमा पुन्हां पुन्हां बदलल्या गेल्या, हीं कारणें खरीं आहेत. पण पांच वर्षांच्या मुदतीवर चार वर्षांचा विलंब होतो, आणि शेवटीं सर्वोच्च न्यायालयास २०२५ सालीं निवडणुकांची मुदत बांधून द्यावी लागते, याचा अर्थ इतकाच कीं, घाई कोणासच नव्हती. सरकारास नव्हती हें समजण्यासारखें आहे. तुम्हांआम्हांस कां नव्हती ?

या अनास्थेची किंमत कोणीं दिली, हें पाहावयाचें असेल तर पेठांतून व कोथरुडांतून बाहेर पडून शहराच्या कडेला गेलें पाहिजे. जून २०२१ अखेर पुणें महापालिकेच्या हद्दींत तेवीस गांवें नव्यानें सामील करण्यांत आलीं. वाघोली, सूस, म्हाळुंगे, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला हीं त्यांतलींच. हद्दींत येतांच त्यांच्या ग्रामपंचायती संपल्या. सरपंच गेला, आणि त्याच्याबरोबर ग्रामसभाहि गेली. महाराष्ट्रांत ग्रामसभा वर्षांतून निदान चार वेळां भरविणें कायद्यानें बंधनकारक आहे, व नियमित सभेपूर्वीं स्त्रियांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. ती सभा आदर्श चालत असे असें नाहीं, पण भर चावडींत उभें राहून "हा पैसा कोठें गेला?" असें विचारण्याचा हक्क कोणाहि शेतमजुरास होता. गांव शहरांत आलें आणि हा हक्क संपला. त्याच्या बदल्यांत मिळावयाचा नगरसेवक जानेवारी २०२६ पर्यंत मिळाला नाहीं. अर्थात् साडेचार वर्षें या गांवांना ना ग्रामसभा, ना नगरसेवक. कर भरण्याची नोटीस मात्र वेळेवर आली.

जानेवारी २०२५ मध्यें पुण्यांत गिलन-बारे या मज्जातंतूंच्या रोगाची साथ पसरली. धडधाकट माणसाचे हातपाय अचानक लुळे पडावेत, श्वास घेण्यासाठीं यंत्राचा आधार लागावा, असा हा रोग. त्याचे बहुसंख्य रुग्ण सिंहगड रस्त्याच्या बाजूस, नांदेड व किरकटवाडीच्या आसपास आढळले, आणि दूषित पाण्यावर संशय घेण्यांत आला. नगरसेवक असता तर साथ आलीच नसती, असें पोरकट विधान आम्ही करणार नाहीं. जंतु निवडणुकीचे निकाल वाचून येत नाहींत. पण पाणी शुद्ध करून मिळत नाहीं ही तक्रार त्या गांवांतील गृहिणीनें साथ येण्यापूर्वीं कोणासमोर, कोणत्या सभेंत, कोणत्या दिवशीं मांडावयाची होती, याचें उत्तर "बरें झालें" म्हणणाऱ्यांनीं द्यावें. महापालिकेच्या तक्रारखिडकीवर अर्ज टाकणें आणि शंभर शेजाऱ्यांसमक्ष अधिकाऱ्यास उभें करून उत्तर मागणें, या दोहोंत जें अंतर आहे तेंच प्रजा आणि नागरिक यांतील अंतर होय.

आमच्या वर्गास ही उदासीनता परंपरेनें आलेली नाहीं. १८८२ सालीं लॉर्ड रिपन यांनीं स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव केला, तेव्हां सुशिक्षितांनीं त्याचें स्वागत मोठ्या हर्षानें केलें होतें. त्याच्या आधींच ज्योतीराव फुले पुणें नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठीं नगरपालिकेचा पैसा उधळण्यास त्यांनीं एकट्यानें विरोध केला, व तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्चावा असें सुचविलें, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. विसाव्या शतकाच्या आरंभीं गोपाळ कृष्ण गोखले याच नगरपालिकेचे अध्यक्ष होते. मुंबईस फेरोजशहा मेहतांनीं महापालिका हीच आपली कर्मभूमि मानली. गटारें आणि नळ यांचा विचार करणें त्या पिढीस कमीपणाचें वाटलें नाहीं.

मग ही आस्था कोठें गेली ? उत्तर कडू आहे, पण तें दिलेंच पाहिजे. त्या काळीं मत देण्याचा अधिकार कर भरणाऱ्या, मालमत्ता असणाऱ्या मूठभर लोकांस होता. मुंबई महापालिकेची निवडणूक प्रौढ मताधिकारानें प्रथम झाली ती १९४८ सालीं. जोंवर सभागृहांत आपल्याच ओळखीचे वकील-डॉक्टर बसत होते, तोंवर नगरकारभार हें आम्हांस देशकार्य वाटत होतें. पुढें चाळींतला कामगार, झोपडींतला हमाल, मंडईंतली भाजीवाली यांचेंहि मत आमच्याइतकेंच भारी झालें, आणि हळूहळू आम्हांस राजकारण गलिच्छ वाटूं लागलें. गलिच्छपणा वाढला हें खरें. पण घाणीचा वास नेमका मतपेटी सर्वांची झाल्यावरच आम्हांस येऊं लागला, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे.

आतां कायद्यानें आम्हांस काय दिलें आहे तें पाहूं. १९९२ सालच्या दोन घटनादुरुस्त्या पुढच्या वर्षीं अमलांत आल्या. त्र्याहत्तराव्या दुरुस्तीनें गांवास ग्रामसभा दिली. चौऱ्याहत्तरावीनें शहरास मात्र तशी सभा दिली नाहीं. तीन लाख वा अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात एवढेंच सांगितलें. खेड्यांतील निरक्षर शेतकऱ्यास जो हक्क घटनेनें दिला, तो शहरांतील पदवीधरास दिला नाहीं, ही त्या दुरुस्तींतील मोठीच उणीव होती. २००९ सालीं महाराष्ट्राच्या विधिमंडळानें महापालिकांच्या कायद्यांत दुरुस्ती करून ती कागदावर भरून काढली. आसपासच्या कांहीं मतदानकेंद्रांचे सर्व मतदार मिळून एक क्षेत्रसभा व्हावी. त्यांनीं आपल्या भागांतील कामें सुचवावीं, त्यांचा अग्रक्रम ठरवावा, उणीवा दाखवाव्यात, अशी ती योजना. आज या गोष्टीस पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. आपल्या भागांतील क्षेत्रसभा कोणत्या तारखेस, कोणत्या शाळेच्या पटांगणांत भरली होती, हें आमच्या वाचकांनीं जरा आठवून पाहावें. आठवत नसेल तर स्मरणशक्तीस दोष देऊं नये.

ही सभा नगरसेवकास नको आहे. कारण तेथें त्यास फलकावरच्या हसऱ्या मुद्रेनें नव्हे, तर तोंडानें उत्तर द्यावें लागेल. अधिकाऱ्यास नको आहे. कारण ठेक्याची किंमत सर्वांसमक्ष वाचावी लागेल. आणि प्रभागांची रचना तर अशी होत गेली आहे कीं, जबाबदारी कोणाच्याच पदरीं पडूं नये. पुण्यांत २००७ सालीं एका प्रभागास एक नगरसेवक होता. २०१२ सालीं दोन झाले. २०१७ सालीं बहुतेक प्रभागांस चार. आणि २०२६ च्या निवडणुकींत एकेचाळीस प्रभागांतून १६५ सभासद, म्हणजे पुन्हां चाराचाच हिशेब. नळास पाणी आलें नाहीं तर चौघांपैकीं कोणाच्या दारांत जावयाचें ? पहिला दुसऱ्याकडे बोट दाखवितो, दुसरा तिसऱ्याकडे, आणि चौथा परगांवीं गेलेला असतो. श्रेयाचे फलक लागतात तेव्हां मात्र चौघेहि घरींच असतात.

कोणी म्हणेल कीं, नागरिकांस बोलण्याची संधि मुळींच नाहीं असें नव्हे. तें खरें आहे. १९६६ च्या नगररचना कायद्यानें विकास-आराखड्यावर हरकत घेण्याचा हक्क आपणांस आहे, आणि लोकांनीं तो गाजविलाहि आहे. फेब्रुवारी २०१५ मध्यें प्रसिद्ध झालेला मुंबईचा आराखडा चुकांनीं इतका भरलेला होता, व त्याविरुद्ध इतका ओरडा झाला कीं, दोनच महिन्यांत तो मागें घेऊन नव्यानें करण्याचा आदेश सरकारास द्यावा लागला. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा २०१३ सालीं पुढें आला, तेव्हां त्यावर सुमारें ८७ हजार हरकती व सूचना आल्या. पुढें काय झालें ? २०१५ सालीं सरकारनें तो आराखडा महापालिकेच्या हातून काढून आपल्या समितीकडे सोंपविला, आणि २०१७ सालीं तो मंजूर झाला. शिवाय आराखडा मंजूर झाल्यावर त्यांत "किरकोळ फेरफार" करण्याची वाट त्याच कायद्याच्या सदतिसाव्या कलमानें मोकळी ठेवली आहे. आणि आज ज्या भूखंडावर बाग रंगविली आहे तेथें उद्यां काय उभें राहील, तें त्या वाटेनें जाणारांसच ठाऊक. पुणें महापालिकेनें २००६ पासून अंदाजपत्रकासाठीं नागरिकांकडून कामें सुचवून घेण्याची पद्धतिहि पाडली. ती स्तुत्य आहे. पण हरकत काय किंवा सूचनेचा अर्ज काय, हीं दोन्ही दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाचीं साधनें आहेत. निर्णय आंत होतो, आणि आम्ही फटींतून चिठ्ठी सरकवतों. क्षेत्रसभा ही आंत येऊन बसण्याची गोष्ट आहे.

परंतु इतका वेळ आम्हीं सरकार, अधिकारी आणि नगरसेवक यांस बोल लावला. आतां तो आरसा स्वतःकडे फिरविणें न्यायाचें होईल. क्षेत्रसभा या तिघांस नको आहे, हें अर्धेंच सत्य आहे. ती आम्हांसहि नको आहे.

आमच्या स्वतःच्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेचें उदाहरण घ्या. ठरलेल्या वेळीं गणसंख्या भरत नाहीं. सभा अर्धा तास तहकूब होते. अर्ध्या तासानें गणसंख्येची अटच उरत नाहीं, आणि सात-आठ मंडळी लाखों रुपयांचा हिशेब मंजूर करून चिवडा खाऊन घरीं जातात. सभेस न आलेले सभासद मग वर्षभर जिन्यांत उभे राहून चिटणीस कसा चोर आहे तें सांगतात. जो मनुष्य आपल्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीसाठीं खालच्या मजल्यावर उतरत नाहीं, त्यास शहराच्या जलवाहिनीची चिंता आहे, यावर विश्वास कसा ठेवावा ?

आणि आम्ही जेव्हां खरोखर जागे होतों, तेव्हां तरी काय मागतों ? फाटकासमोरचा बसचा थांबा पुढें न्यावा, फेरीवाले उठवावेत, वस्तींतलीं मुलें ज्या बागेंत खेळतात तिला कुलूप असावें. २०१४ च्या कायद्यानें फेरीवाल्यांच्या प्रश्नासाठीं शहर समिति नेमावयाची असून तींत निदान चाळीस टक्के सभासद फेरीवाल्यांचेच असावयाचे आहेत. भाजी स्वस्त मिळावी म्हणून त्यांच्याशीं घासाघीस करणारे आम्ही, त्यांच्या शेजारीं खुर्ची मांडून बसण्यास तयार आहोंत काय ? क्षेत्रसभेची खरी अडचण येथें आहे. तेथें सोसायटींतले गृहस्थ आणि पलीकडच्या वस्तींतली मोलकरीण एकाच सतरंजीवर बसणार. आपण सुशोभित दिव्यांचे खांब मागणार, आणि ती रात्रीं शौचालयापर्यंत जाण्याच्या वाटेवर एक साधा दिवा मागणार. हात वर करून मतें मोजलीं तर तिचा दिवा आधीं लागेल, ही भीति आम्हांस आहे, आणि ती तोंडानें कबूल करण्याची लाज वाटते म्हणून आम्ही म्हणतों, "राजकारण गलिच्छ आहे."

यावर नेहमींचे आक्षेप घेतले जातात. पहिला असा कीं, शहरांतल्या माणसास वेळ नाहीं. पेरणी-काढणी सांभाळून शेतकऱ्यानें वर्षांतून चार वेळां सभेस यावें अशी कायद्याची अपेक्षा आहे. आणि आमच्या हातीं रविवार असून आम्हांस सवड नाहीं, हें कोणीं ऐकून घ्यावें? दुसरा आक्षेप असा कीं, सभेंत गुंड शिरतील. ते शिरतील, यांत शंका नाहीं. रिकाम्या सभेंत तर नक्कीच शिरतील. गुंडाचें बळ सज्जनांच्या अनुपस्थितींत असतें. तिसरा आक्षेप असा कीं, पूल कोठें बांधावा, नाला कसा वळवावा, हीं तज्ज्ञांचीं कामें आहेत. तज्ज्ञांचा मान आम्हांसहि राखावयाचा आहे. पण जोडा चावतो कोठें हें चांभारापेक्षां घालणाऱ्यास अधिक कळतें. पावसाळ्यांत नेमक्या कोणत्या कोपऱ्यावर पाणी तुंबतें, हें तेथें पंचवीस वर्षें राहणाऱ्या आजीबाईंस नकाशावांचून सांगतां येतें. महाराष्ट्रांत २०११ पासून स्थानिक संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठीं राखीव आहेत. पण ज्या सभेंत सामान्य स्त्री उभी राहून बोलेल ती सभाच नसेल, तर त्या निम्म्या खुर्च्यांमागें कोणाचे पति बसतात, तें आपण जाणतोंच.

अशी सभा मोठ्या शहरांत चालणें शक्य नाहीं, असेंहि सांगितलें जातें. ब्राझील देशांतील पोर्तो अलेग्रे हें दहा लाखांहून अधिक वस्तीचें शहर. तेथें १९८९ पासून भागाभागांत नागरिकांच्या सभा भरूं लागल्या, आणि नव्या कामांवरचा पैसा कोठें जावा हें त्या सभा ठरवूं लागल्या. त्याचें अनुकरण जगांतल्या अनेक शहरांनीं केलें. पुढें राज्यकर्ते बदलले, त्यांची मर्जी फिरली, आणि २०१७ सालीं ती प्रथा तेथेंच स्थगित झाली. यांत दोन धडे आहेत. अशा सभा चालूं शकतात हा पहिला. आणि राज्यकर्त्याच्या मर्जीवर टांगलेला हक्क मर्जीबरोबरच खालीं येतो, हा दुसरा. आमची स्थिति उलट आहे. कायदा आहे, पण संवय नाहीं. संवय लावणें हें काम कोणतेंहि सरकार आमच्यासाठीं करणार नाहीं.

आतां निवडणुका होऊन सभागृहें पुन्हां भरलीं आहेत. "बरें झालें" म्हणणारे लवकरच पुन्हां पूर्वीचें रडगाणें गाऊं लागतील, यांत आम्हांस शंका नाहीं. त्यांना आमचें सांगणें थोडकें आहे. आपल्या प्रभागांतील चारहि सभासदांना दहा शेजाऱ्यांच्या सह्यांचें एक पत्र द्या. त्यांत अमुक दिवे, तमुक रस्ता असें कांहीं मागूं नका. एकच गोष्ट मागा : क्षेत्रसभेची तारीख. सह्यांच्या त्या दहा जणांत निदान चार जण आपल्या भिंतीपलीकडच्या वस्तींतले असूं द्या. कारण एकट्या सोसायटीचें पत्र टोपलींत टाकणें सोपें असतें, आणि दोन्ही बाजूंच्या सह्या पाहिल्यावर मतें मोजणाऱ्यास झोंप येत नाहीं. तारीख मिळाली कीं सभेस जा, आणि जातांना घरांतल्या स्त्रियांना व मतदार झालेल्या मुलांना बरोबर न्या. गेल्या वर्षीं या भागांत कोणतीं कामें झालीं, त्यांस किती पैसे लागले, तीं कोणीं केलीं, एवढी यादी मोठ्यानें वाचण्यास सांगा. पहिल्या सभेंत याहून अधिक कांहीं साधलें नाहीं तरी चालेल. तारीख मिळाली नाहीं, तर दुसरें पत्र द्या, आणि त्यावर वीस सह्या असूं द्या.

हें सर्व करण्याचा कंटाळा असेल, तर खुशाल घरीं बसावें. पण मग नळाचें पाणी, तुंबलेला नाला आणि उखडलेला पदपथ यांविषयीं दिवाणखान्यांत तोंड उघडूं नये. ज्यानें तिजोरीच्या किल्ल्या आपल्या हातानें दुसऱ्यास दिल्या आणि वर "बरें झालें" म्हटलें, त्यास चोरीची फिर्याद करण्याचा अधिकार उरत नाहीं.